तांबड्या पुस्तकातला गुळव्या

माझी शाळा तिसरीला संपली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी उकरून काढायला नको. मास्तरांनी छडी उगारली, मी ती धरली आणि मोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून बापाबरोबर गुऱ्हाळावर गेलो. पुढं पन्नासावर हंगाम काढले, त्यातले बहुतेक गुळव्या म्हणून. गुऱ्हाळ कुणाचंही असो, ऊस कुणाचाही असो, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस एकच, तो गुळव्या. त्याच्या शब्दापुढं गुऱ्हाळाच्या मालकानंही तोंड उघडायचं नसतं. माझ्या हातची एक काहिल जळाली नाही. एक म्हणजे एक. ज्याला खोटं वाटतं त्यानं गगनबावड्याच्या वाटेवरच्या कुठल्याही जुन्या गुऱ्हाळात जाऊन विचारावं.

अशा माणसाच्या घरात मागच्या दिवाळीला ती कादंबरी शिरली.

आणली नातीनं. ती कॉलेजात आहे. तांबडा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि जाडी अशी की उशाला घेतली तर मान धरावी. नाव मी सांगत नाही; तिची जाहिरात माझ्याशिवाय भरपूर झालेली आहे. त्या दिवाळीत कोल्हापुरात दुसरा विषयच नव्हता. साडीच्या दुकानात 'नायिकेची साडी' म्हणून एक हिरवी साडी बाहुलीला नेसवून दारात उभी केलेली. रिक्षाच्या पाठीवर त्यातलं वाक्य. नात सांगायची, पोरी ते पुस्तक छातीशी धरून रडतात आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतात. मी म्हटलं, रडणारी रडते, मग मोबाईल कोण धरतंय?

नातीचं झालं आणि पुस्तक माझ्या बायकोच्या हातात गेलं. बायको सातवी पास. घरात कुठलाही कागद आला की आधी तिच्याकडं जातो, मग माझ्याकडं अंगठ्याला. अंगठ्याला म्हणायची आपली पद्धत, सही मला येते. चार दिवस तिनं त्या पुस्तकातनं मान वर काढली नाही. दोनदा आमटी करपली. मी ती तशीच खाल्ली. चौथ्या दिवशी पदरानं चष्मा पुसत पुसत ती म्हणाली, "गुळव्या असावा तर असा."

मी चहा पीत होतो. मला वाटलं, माझंच काहीतरी चाललंय, म्हणून जरा ताठ बसलो. तर ती पुस्तकातल्या गुळव्याबद्दल बोलत होती. तेव्हा मला कळलं की एवढी जगभर गाजलेली कादंबरी आमच्या धंद्यावर आहे. नायक परदेशातनं शिकून आलेला, बाप गेल्यावर त्याची काहिल हातात घेतलेला, आणि गुऱ्हाळाच्या मालकाच्या मुलीवर जीव टाकणारा.

"काय केलं त्यानं एवढं?" मी विचारलं.

"बोलतोय की तिच्यासंगं. मनातलं समदं सांगतोय. तुमी इतक्या वरसांत 'मीठ कमी हाय' सोडून काय बोललासा?"

नात तोंडावर हात धरून आत पळाली. मी म्हणालो, सगळं खोटं आहे, लिहिणाऱ्यानं गूळ फक्त पोळीबरोबर बघितला असणार. त्यावर बायकोनं मला माझ्याच शब्दात धरलं. पाक बघितल्याशिवाय बोलू नये, हे वाक्य मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मारलंय. ती म्हणाली, न वाचता खोटं कसं ठरवता? आधी पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत वाचा.

"आणि मग सांगा, त्यो गुळव्या बरा का तुमी बरं," ती म्हणाली. "मीबी तवाच सांगीन. त्याच्या आधी इचारू नका."

म्हणजे माझा निकाल त्या तांबड्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टांगला तिनं. दुसरा कुणी असता तर हसून सोडलं असतं. मी पुस्तक उचललं.

आता माझं वाचन कसं, ते सांगायला पाहिजे. आमच्या घरात एक पोथी आहे, बापानं नृसिंहवाडीहून आणलेली. शाळा सुटल्यावर मला अक्षर टिकलं ते तिच्यामुळं. दरवर्षी सात दिवस बाप वाचायचा, तो गेल्यावर मी वाचायला लागलो. मला वाचणं येतं ते एवढंच आणि असंच: हातपाय धुवायचे, डोक्यावर टोपी घालायची, पुस्तक चौरंगावर ठेवायचं, ओळीखाली बोट धरायचं आणि मोठ्यानं चालीवर म्हणायचं. मनात वाचणं मला येत नाही. मनात वाचायला गेलो की अक्षरं ढिम्म बसून राहतात. आणि चाल सोडली की जोडाक्षरात पाय अडकतो.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातपाय धुतले, टोपी घातली, चौरंग दाराबाहेर ओट्यावर मांडला, कारण आत उजेड कमी, आणि प्रेमाची कादंबरी पोथीच्या चालीवर सुरू केली.

शिवाजी पेठेतल्या गल्लीत ओट्यावर बसून काही करायचं म्हणजे ते अख्ख्या गल्लीचं होतं. पहिल्या दिवशी पोरं फुटबॉलच्या प्रॅक्टिसला निघाली होती, ती थांबली. त्यातला एक म्हणाला, "आबा, हिरोईन आली का अजून?" मी मान वर न करता ओळ पुरी केली. नायिका त्या वेळी गाडीतनं उतरत होती. चालीवर म्हणताना ती चार दमात उतरली.

शेजारच्या आज्जी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कानानं ठार बहिऱ्या. त्यांनी दारातनं बघितलं. टोपी बघितली, चौरंग बघितला, माझे ओठ पोथीच्या ठेक्यावर हलताना बघितले. त्या आत गेल्या, डोक्यावर पदर घेतला, पाट आणला आणि माझ्यासमोर बसल्या. धडा संपला तेव्हा मी सवयीनं बोट काढून थांबलो, तर त्यांनी हात जोडून पुस्तकाला नमस्कार केला. त्या धड्यात नायक नायिकेच्या केसांविषयी बोलत होता. मी त्यांना सांगायला गेलो, पण बहिऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. राहिलं तसंच.

आज्जी बसतात म्हणून दुसऱ्या दोघीतिघी बसायला लागल्या. ह्यांना मात्र पक्कं माहीत होतं हे काय चाललंय. समोरच्या भाभी ब्लाऊजची शिलाई करतात. त्या हुक लावायचं काम घेऊन यायच्या. मी एका ठिकाणी दोघं जरा जास्तच जवळ आली म्हणून एक पान गपचूप उलटलं. भाभींनी सुईतनं नजरही काढली नाही. म्हणाल्या, "आबा, एक पान चिकटलं वाटतं." बायका हसून हसून लोळल्या. आज्जींना वाटलं काही मंगल प्रसंग आला असणार, त्यांनी परत हात जोडले. मी ते पान मागं घेतलं आणि वाचलं. चाल जरा जलद धरली, एवढंच.

रोज चार पानं, कधी पाच. माझी बायको आतनं ऐकायची. बाहेर येऊन बसली नाही. भांड्यांचा आवाज कधी थांबतो त्यावरनं मला कळायचं कुठली जागा तिला आवडलेली आहे.

पुस्तक सगळंच टाकाऊ नाही, हेही सांगतो. नायकाचा बाप मरायच्या आधी पोराचा तळहात उघडून त्यावरचे लहानपणी काहिलीला भाजल्याचे डाग बघतो, आणि तो तळहात परत मिटतो. ते पान मी दोनदा वाचलं. आपण चूक असलो तर चूक म्हणावं. ते पान लिहिणाऱ्यानं कुठल्यातरी खऱ्या माणसाचा हात धरून लिहिलेलं आहे.

आणि मग संक्रांतीच्या आसपास ती अकरा पानं आली.

प्रसंग असा. नायक काहिलीवर आहे. पुस्तक म्हणतं, पाक सोन्यासारखा रंगावर आलेला. तेवढ्यात नायिका धावत येते, उद्या तिचं लग्न दुसरीकडं ठरणार आहे. नायक हातातलं फावडं ठेवतो, तिचे हात हातात घेतो, आणि बोलतो. लहानपणापासनं सुरू करतो. अकरा पानं बोलतो. ती रडते, तो रडतो, आणि अकराव्या पानाच्या शेवटी तो वळून गूळ वाफ्यात, म्हणजे निवायच्या खळग्यात, ओततो आणि गूळ सोन्यासारखा पिवळाधमक निघतो.

मी पुस्तक मिटलं आणि आत हाक मारली. म्हणालो, सापडलं. बायको हात पुसत दारात आली. मी तिला समजावलं की पाक रंगावर आल्यावर गुळव्याच्या हातात विडी ओढण्याएवढासुद्धा वेळ नसतो. क्षण चुकला की गूळ काळा पडतो, कडू होतो, जनावराला घालायच्या लायकीचा राहतो. ह्या गड्यानं अकरा पानं काढली आणि वर सोनं पाडलं.

ती म्हणाली, अवो, ते प्रेमाचं हाय, गुळाचं न्हवं. सगळ्या कोल्हापूरनं तीच पानं उचलून धरलेली, ती मला सांगते. मी म्हणालो, गुळाचं नाही तर गुऱ्हाळात कशाला उभा राहिला, बागेत जायचं होतं. ती म्हणाली, तुमास्नी कुठंबी खोटच काढायची. दारातल्या बायका दोन्हीकडं बघत होत्या. नात बायकोच्या बाजूला. भाभी कुणाच्याच नाही, त्या हुक लावत होत्या.

मी म्हणालो, तोंडानं कशाला? करून बघू.

माझ्या बहिणीच्या मुलाचं गुऱ्हाळ गगनबावड्याच्या रस्त्याला आहे. अजून हंगामात तो मला चार दिवस नेतो, नवीन गुळव्याला अडचण आली की. मी नातीला त्याला फोन लावायला सांगितलं. दोन दिवसांनी सकाळी तो जीप घेऊन आला. मी पुढं, मागं बायको आणि नात, आणि नातीच्या मांडीवर ते पुस्तक. भाच्याला वाटलं मामी गुऱ्हाळ बघायला येते. वाटेत नातीनं सांगितलं तेव्हा त्यानं जीप जरा हळू केली आणि मला विचारलं, "मामा, काहिल माझी हाय, ठावं हाय न्हवं?" मी म्हणालो, जळाली तर पुढच्या हंगामाला तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. आणि हे मी मनापासनं म्हणालो.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रस उकळून काकवीसारखा दाट झाला की गुळव्या हात वर करतो, आणि सगळं गुऱ्हाळ गप्प होतं. उसाची मोळी टाकणारा टाकत नाही, चुलीत चिपाड सारणारा हातानं विचारतो, तोंडानं नाही. कारण त्या वेळी गुळव्या ऐकत असतो. आधी रस रटरट बोलतो, मग आवाज जड होतो, मग बुडबुडा फुटताना फद असा एकेक आवाज येतो. डोळे वाफेनं भरलेले, रंग दिवसा एक दिसतो, ढगाखाली दुसरा. भरवसा कानाचा आणि नाकाचा. तेव्हा गुऱ्हाळात बोलणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाणं. आणि मी त्याच वेळेला बायकोला वाचायला सांगणार होतो.

गडी माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी वारलोय आणि मला कुणी सांगितलेलं नाही. मी म्हणालो, जबाबदारी माझी.

मळी काढून झाली, रस निवळला, दाट झाला. मी हात वर केला. सगळे गप्प झाले. मग मी बायकोकडं बघून मान हलवली, आणि तिनं पहिलं पान सुरू केलं.

ती माझ्यासारखी वाचत नाही. साधं वाचते, बोलल्यासारखं. इतक्या वर्षांत मी तिला मोठ्यानं वाचताना ऐकलं ते फक्त आलेल्या कागदापुरतं. नायक लहानपणीची विहीर सांगत होता. नायिका काठावर बसून पाय हलवायची, ती त्याला दुरूनच ओळखू यायची, असं काहीतरी. मी फावडं फिरवत होतो. कान एक पाकाकडं. खरं सांगतो, दुसरं पान संपताना माझा कान पाकावरनं सुटला. ती विहीर माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि तिच्या काठावर जी बसली होती ती पुस्तकातली नव्हती.

नाकानं वाचवलं. पाक करपायच्या आधी वासात एक दम येतो, तो आला. मी पाण्याच्या परातीत पाक सोडला, चिमटीत गोळी केली, परातीच्या काठावर आपटली. वाजली, म्हणजे पाक झाला. मी हात खाली टाकला, तो काहिल ओतायचा हुकूम. साखळी ओढली, काहिल तिरकी झाली, आणि पाक वाफ्यात उतरला.

बायको तिसऱ्या पानाच्या मध्यावर होती. ती थांबली. पुढं आठाच्या वर पानं राहिली होती.

भाचा वाफ्याजवळ वाकला, बोटानं ओरखडा काढला, चाटला. त्या हंगामातला त्याचा सगळ्यात चांगला गूळ तो, हे त्यानं त्याच्या तोंडानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. नातीनं मोबाईल बाहेर काढला आणि परत आत ठेवला. मी धोतरानं कपाळ पुसलं आणि बायकोकडं बघितलं. बोलायची गरज नव्हती, उत्तर वाफ्यात पडलेलं होतं की.

तिनं पुस्तक मिटलं, माझ्याजवळ आली, आणि हात पुढं केला.

"गोळी?"

मला क्षणभर कळलं नाही. मग बघितलं, तर ती गोळी माझ्या धोतराच्या सोग्यात बांधलेली होती. मी कधी बांधली ते मला माहीत नाही. हात आपोआप बांधतो. दिवसात आपल्या हातच्या शेवटच्या काहिलीची गोळी गुळव्याची, अशी आमच्यात चाल आहे; त्या दिवशी माझी काहिल ती एकच. गुळवे ती तिथंच तोंडात टाकतात. मी लग्नापासून घरी नेत होतो. भिंतीतल्या देवळीत पितळी वाटी असायची, तीत ठेवायची. कुणाला सांगितलं नाही, तिनंही कधी विचारलं नाही. सकाळी वाटी रिकामी दिसायची एवढंच.

मी गाठ सोडून गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती सगळ्यांच्या देखत तोंडात टाकली आणि जीपकडं चालायला लागली. निकाल सांगितला नाही. मी वाटेत एकदा खाकरून बघितलं, तर म्हणाली, अजून शंभर पानं ऱ्हायल्यात तुमची.

ती शंभर पानं मी वाचली. गल्लीत गुऱ्हाळाची गोष्ट पोचलेली, त्यामुळं ऐकणारे वाढले. फुटबॉलची पोरंसुद्धा मॅच नसली की भिंतीला टेकून उभी राहायची, आता हिरोईनचं कुणी विचारत नव्हतं. उरलेल्यात नायकानं दोनदा गूळ केला आणि दोन्हीदा मधेच बोलला. मी त्या जागी थांबायचो आणि नुसतं समोर बघायचो. भाभी म्हणायच्या, "जळाला." मग पुढं वाचायचं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी शेवटचं पान आलं. दोघांचं लग्न झालं, जे मला पंचविसाव्या पानावरच कळलं होतं. शेवटच्या ओळीखालनं मी बोट काढलं, पुस्तक मिटलं, आणि सवयीनं हात जोडले. ओट्याखाली सगळ्यांनी जोडले. भाभींनी सुद्धा मान लववली, हसू दाबत. तिसरीत शाळा सोडलेल्या माणसानं चारशे पानांचं पुस्तक तडीस नेलं होतं, मधलं एक पान न गाळता. ज्यांनी बी.ए. केलंय त्यांनी आपापल्या घरात विचारून बघावं.

शेजारच्या आज्जी उठल्या, घरात गेल्या, आणि झाकलेलं ताट घेऊन आल्या. पुरणपोळी. पारायणाची समाप्ती म्हणून त्यांनी पहाटे उठून केलेली. शेवटचा धडा आहे हे त्यांनी पुस्तकाची उरलेली जाडी बघून ओळखलं होतं. ताट त्यांनी तांबड्या पुस्तकापुढं ठेवलं, आणि माझी बायको दारात उभी होती तिला विचारलं, "कुणाची पोथी हुती गं ही?"

बायको पुढं झाली. आज्जींशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं.

"गुळव्याची," ती ओरडली.

"आँ?"

"एका गुळव्याची हाय. अकरा पानं बोलला, पर बायकूला गोळी दिली न्हाई." मग तिनं दम घेतला आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, "आमचा गुळव्या लई बरा त्याच्यापरास."

आज्जींना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. तेव्हा बायकोला ते परत म्हणावं लागलं, आणि ह्या खेपेला ते कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत पोचलं असणार, कारण तिथली पोरं शिट्ट्या मारायला लागली. बायकोचा चेहरा लाल झाला. मी टोपी नीट केली. आज्जींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, मग आधी गुळव्याला वाढ.

ती पोळी मी ओट्यावरच खाल्ली, सगळ्यांच्या देखत, पुस्तकाशेजारी बसून. पुरणात गूळ चांगला होता. थोडा जास्त शिजलेला, पण ते मी बोललो नाही.